शेफची आजी

कुठलाही साधा पदार्थ महाग करायचा असेल, तर त्याचा आकार लहान करावा, ताट मोठं करावं आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेचे पैसे लावावेत. मुंबईतल्या बिल्डरांनी हे तत्त्व घरांच्या बाबतीत फार पूर्वी सिद्ध केलं. खाण्याच्या बाबतीत ते सिद्ध व्हायला उशीर झाला, कारण मध्ये इडली आडवी आली. महाग होण्यासाठी लागणारा एकही गुण इडलीच्या अंगी नाही. तांदूळ, उडीद, मीठ, पाणी आणि एक रात्र, एवढंच तिचं भांडवल. पीठ आंबवण्याचं मुख्य काम जिवाणू करतात. ते पगार मागत नाहीत, संप करत नाहीत आणि रात्रपाळीचा भत्ताही घेत नाहीत. रंग पांढरा, आकार ठरलेला आणि स्वभाव असा, की आजारी माणसाला डॉक्टरही तिची मनाई करत नाहीत. अशा निरुपद्रवी पदार्थाचे ५९५ रुपये कसे घ्यायचे, हा हॉटेल व्यवसायापुढचा मोठा पेच होता. तो अखेर सुटला आहे. इडलीला एक आजी जोडायची.

नव्या पद्धतीच्या दाक्षिणात्य रेस्टॉरंटांचा सध्या मोसम आहे. चेन्नईच्या आयटीसी ग्रँड चोला हॉटेलात २०१७ साली 'अवर्तना' सुरू झालं आणि रसम वाटीतून उठून मार्टिनीच्या ग्लासात जाऊन बसलं. न्यूयॉर्कच्या 'सेम्मा'ला २०२२ साली मिशलिनचा तारा मिळाला. तिथे डोसा आहे आणि गोगलगायीही आहेत. गंमत म्हणजे हा तारा गावाकडचं जेवण कसलीही तडजोड न करता वाढणाऱ्याला मिळाला. आपल्याकडच्या फ्युजनवाल्यांनी त्यातून एवढाच बोध घेतला, की डोशाला तारा मिळू शकतो. तेव्हापासून मुंबई-पुण्यात जिथे जिथे गाडी लावून द्यायला माणूस उभा असतो, तिथे तिथे आत डोसा असण्याची शक्यता वाढली आहे.

आमचा पुतण्या आम्हाला लोअर परळच्या अशाच एका ठिकाणी घेऊन गेला. त्या ठिकाणाचं नाव सांगत नाही. त्यातले सगळे स्वर काढून टाकलेले असल्यामुळे ते कसं उच्चारायचं यावर घरात अजून एकमत नाही. पुतण्या, त्याची बायको, त्यांची सहा वर्षांची मुलगी, मी, आमची ही, आणि खास निमंत्रित म्हणून शेजारचे मामा आणि मामी. मामा मूळचे पालघाटचे, जन्म माटुंग्याचा, नोकरी सरकारी लेखापरीक्षणात आणि निवृत्ती डोंबिवलीत. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आहे. आम्ही 'चेक करतो' म्हणतो, ते 'तपासतो' म्हणतात. त्यांना नेण्यामागे आमचा स्वार्थ होता. मामा ताटाकडे बघतील, नाक मुरडतील आणि मग आम्हाला नाक मुरडायचा अधिकृत परवाना मिळेल, अशी योजना होती. मराठी माणसाला एखाद्या गोष्टीला नावं ठेवायला कारण लागत नाही, पण साक्षीदार असला तर बरं वाटतं.

टेबल साडेसातचं होतं. सव्वानऊला त्याच टेबलावर दुसरे लोक येणार आहेत, हे फोनवर आधीच नम्रपणे बजावलं होतं. दादरच्या उडप्याकडे हीच माहिती खुर्चीमागे उभा राहिलेला माणूस आपल्या मानेवर श्वास सोडून देतो, आणि ती जास्त लवकर कळते.

आत शिरलो तर समोर एक भव्य नक्षीदार दार. मी हात पुढे केला, तर ते भिंतीवर टांगलेलं निघालं. तमिळनाडूत कारैकुडीला जुन्या वस्तूंचा बाजार आहे. मोडीत निघालेल्या चेट्टियार वाड्यांची दारं, खांब, पितळी हंडे तिथे विकायला असतात. समुद्रापार सावकारी करून चेट्टियारांनी पैसा कमावला, ब्रह्मदेशातून सागवान आणला आणि राजवाड्यासारखी घरं उठवली. त्या घरांची दारं आता लोअर परळला आली आहेत आणि ती कुठेही उघडत नाहीत. खाली आत्तंगुडीच्या हाताने घडवलेल्या रंगीत फरश्या होत्या. कोपऱ्यात एक दगडी रगडा, त्यात पाणी आणि पाण्यात कमळाच्या पाकळ्या. मामी त्या रगड्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. लग्नानंतर सासूबाईंनी असल्याच रगड्यावर रोज त्यांच्याकडून पीठ वाटून घेतलं होतं. आता तो निष्क्रिय होऊन नुसता फुलं धरून बसलेला बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते सौंदर्यदृष्टीतून आलेलं नव्हतं.

वर स्पीकरमधून त्यागराजांची एक कृती चालू होती आणि तिच्याखाली यंत्राचा ढोल. मामांनी मांडीवर ताल धरला, मध्येच सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. "राग जागेवर आहे," त्यांनी आम्हाला कळवलं, "ताल रजेवर गेलाय."

मग मेन्यू आला. आमच्या पिढीला मेन्यू उजवीकडून डावीकडे वाचायची सवय आहे. आधी आकडा, परवडला तर पदार्थ. इथे आकड्याआधी रुपयाचं चिन्हच नव्हतं. चिन्ह काढलं की गिऱ्हाइकाला खर्च बोचत नाही, म्हणे. नुसतं ५९५. हा भाव आहे, की उष्मांक आहेत, की पानाचा क्रमांक, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पदार्थांची नावं तर अशी, की वाचताना भूक लागण्याऐवजी नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखं वाटावं. आमच्या हिनं पहिलं पान वाचून मिटलं आणि विचारलं, "यात साधा डोसा कुठला?" पुतण्याच्या बायकोनं सांगितलं, की सगळेच डोसे आहेत, फक्त साधं कुणी नाही.

तेवढ्यात वेटर आला. छातीवर नावाची पट्टी, हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर प्रवचनापूर्वीची शांतता. त्यानं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. आमच्या शेफच्या लहानपणी त्यांची आजी भल्या पहाटे चुलीवर इडली वाफवायची, त्या धुराची आठवण आम्ही या पदार्थात जपली आहे, वगैरे. उडप्याकडचा वेटर एका श्वासात बावीस पदार्थ म्हणतो आणि आपण तोंड उघडायच्या आत त्यातला एक लिहून घेतो. हा मात्र एका पदार्थाला चार श्वास देत होता. तो मध्ये थांबला तेव्हा मी सहज विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"वाई," तो म्हणाला, आणि त्याचे बांधलेले हात सुटले.

तिथून पुढे त्यानं प्रत्येक पदार्थ दोनदा सांगितला. आधी इंग्रजीत, ताठ उभं राहून, मॅनेजरला ऐकू जाईल असा. मग किंचित वाकून, मराठीत, आमच्यापुरता. इंग्रजीत जी 'हातानं पसरलेली, आंबवलेली तांदळाची नाजूक चकती, रानफणसासह' होती, ती मराठीत "डोसा आहे काका, दुमडलाय" अशी झाली. इंग्रजीत जी 'थंड दह्याची आणि मोहरीची स्मृती' होती, तिच्याबद्दल तो म्हणाला, "दहीभात. वर ॲव्होकॅडो लावलाय." बुराटा नावाच्या इटालियन चीजच्या गोळ्यावर मिळगाप्पोडी भुरभुरलेली होती. तिची इंग्रजी कथा इटलीच्या दक्षिणेपासून निघून भारताच्या दक्षिणेला येऊन संपली. मराठी आवृत्ती होती, "मधे फोडायचं. वरती आपली चटणीच आहे." आणि 'डाळीची हवा' या अगम्य वस्तूबद्दल त्यानं आवाज आणखी खाली आणला: "सांबाराचा फेस आहे, काकू. पटकन खा, बसतो."

एव्हाना मामांच्या आतला लेखापरीक्षक जागा झाला होता. पहिल्या इडलीची आजी कूर्गची होती. दुसऱ्या पदार्थाची आजी अलेप्पीची. तिसरा पदार्थ येताच मदुराईच्या आजीचा उल्लेख झाला, तेव्हा मामांनी हात वर केला.

"एका माणसाला आज्या किती असतात?"

"दोन," वेटर म्हणाला.

"इथे तीन झाल्या. अजून मेन कोर्स यायचाय. शेफ मूळचे कुठले?"

वेटरनं मॅनेजरकडे बघितलं, मग वाकून म्हणाला, "दिल्लीचे."

मामांनी मान हलवली. नोंद झाली, असा तिचा अर्थ होता.

आता आमच्या योजनेप्रमाणे मामांनी इडली चाखून नाक मुरडायचं होतं. भाकरीच्या परातीएवढ्या काळ्या ताटात शर्टाच्या बटणाएवढ्या पाच इडल्या होत्या. त्यांच्यावर पोडी, आणि पोडीवर ट्रफलचं तेल. मिळगाप्पोडीत तिळाचं तेल घालायचं, ही दक्षिणेतली घटनात्मक तरतूद आहे. ट्रफल म्हणजे युरोपातल्या जंगलात जमिनीखाली उगवणारं बुरशीचं फळ. ते कुत्र्यांकडून हुंगवून काढतात आणि सोन्याच्या तोलानं विकतात. त्याच्या नावानं बाटलीत मिळणाऱ्या तेलाचा वास मात्र बहुतेक वेळा प्रयोगशाळेत तयार झालेला असतो. मामांनी एक इडली तोंडात टाकली. डोळे मिटले. आम्ही सगळे साक्ष ऐकायला पुढे झुकलो.

"फर्स्ट क्लास," मामा म्हणाले.

आमच्या हिच्या हातातला काटा खाली आला. साक्षीदार फुटला होता.

"अहो मामा, पण ही काय इडली झाली? आणि हे सांबार? हे काय खरं सांबार आहे?" सांबार एस्प्रेसो कॉफीच्या कपातून आलं होतं. वरचा फेस वेटरनं सांगितल्याप्रमाणे खरोखरच बसला होता आणि खाली दोन चमचे सांबार उरलं होतं. "खरं सांबार म्हणजे आमच्या स्टेशनसमोरच्या उडप्याचं."

मामा हसले. "त्या उडप्याचं सांबार पालघाटला नेलं ना, तर लोक पायसम समजून शेवटी वाढतील. किती गूळ असतो त्यात!"

टेबलावर शांतता पसरली. आम्ही ज्या सांबाराच्या वतीनं भांडायला निघालो होतो, त्याचीच नागरिकता रद्द झाली होती.

तसं बघितलं तर आम्हा मुंबईकरांची दक्षिणेशी ओळख झाली ती उडप्याच्याच मध्यस्थीनं. माटुंग्यात सुरू झालेलं मणीज लंच होम १९३७ सालचं, रामाश्रय १९३९ सालचं, कॅफे मद्रास १९४० सालचं, आणि रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं, म्हणजे 'चले जाव'च्या वर्षातलं. इंग्रज गेले, बोर्डिंग राहिलं. साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईत लुंगीविरोधी घोषणा निघाल्या, दाक्षिणात्यांच्या काही हॉटेलांवर दगडही पडले. घोषणा शिळ्या झाल्या, मेदूवडा ताजाच राहिला. आणि या सगळ्या काळात उडप्यानं गुपचूप एक काम केलं. समोरच्या टेबलावर कोण बसलंय ते बघून तो आपलं स्वयंपाकघर बदलत गेला. गुजराती आला, सांबारात गूळ पडला. मराठी आला, त्याच सांबारात बटाटेवडा बुडाला. एकादशी आली, साबुदाणा खिचडी आली. पंजाबी भाज्या आल्या, पावभाजी आली, चिनी भाताचं वेगळं पान आलं आणि एक दिवस चिनी पानावरची शेजवान चटणी हद्द ओलांडून डोशात शिरली. घाटकोपरच्या खाऊगल्लीत तर जिनी डोसा नावाचा प्रकार निघाला. त्यात भाज्या, लोणी, चटण्या आणि किसलेलं चीज तव्यावरच एकत्र रगडतात, आणि मग गुंडाळ्या कापून उभ्या करतात. तुळू बोलणारा मालक, परप्रांतातले आचारी, गुजराती जिभेसाठी गोड केलेलं तमिळ सांबार आणि ते वड्यावर ओतून खाणारा मराठी माणूस. याच्यापेक्षा जास्त फ्युजन कुठल्या शेफला जमणार? पण त्याबद्दल उडप्यानं कधी कुणाला गोष्ट सांगितली नाही. त्याची आजी उडुपीत सुखरूप राहिली. त्यानं फक्त टेबलावर फडकं मारलं आणि विचारलं, "आणि काय?"

मामांनी तर यापुढे जाऊन इडलीचं मूळ खातंच उघडलं. दहाव्या शतकातल्या 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथात इडलीचा उल्लेख आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं लिहिलेल्या 'मानसोल्लासा'तही ती आहे, डोसाही आहे. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरच्या पलीकडे. "पण त्या इडलीत तांदूळ नव्हता," मामा म्हणाले. "नुसता उडीद. तांदूळ कुणीतरी नंतर घातला. तेव्हाही एखादा म्हातारा ओरडला असेल, इडलीत तांदूळ? काय चाललंय काय!"

आमची ही म्हणाली, "ते फार जुनं झालं."

"मग नवीन घ्या. मिरची, टोमॅटो, बटाटा, तिन्ही अमेरिका खंडातले. पोर्तुगीज यायच्या आधी मसाला डोशात मसाला कसला होता? रसमात टोमॅटो कुठला? दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा बंगळूरच्या एमटीआरनं रव्याची इडली काढली. आज ती परंपरा झाली. आणि सांबार तर तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, आमटीत कोकमाऐवजी चिंच पडली आणि सांबार झालं, असं तुम्हीच सगळीकडे सांगत असता."

ती कथा आम्ही सांगतो, हे खरं. तिला कागदाचा आधार नाही, पण मराठी माणूस पाहुणचार घेताना यजमानाच्या पदार्थाचा मालकीहक्क सांगितल्याशिवाय राहत नाही.

"म्हणजे फ्युजन सुरू केलंत तुम्ही," मामांनी खातं बंद केलं, "आणि आता दर बघून ओरडताय."

तुमच्या घरी तरी सगळं अस्सल असेल, असा शेवटचा खुंटा मी धरून पाहिला. उत्तर मामींनी दिलं. जयंती जनता एक्स्प्रेसमधून त्या लग्न होऊन मुंबईत आल्या, तेव्हा सोबत फक्त कृती आल्या, भाज्या आल्या नाहीत. चाळीत खोबरेल तेलात फोडणी दिली की शेजारीण नाकाला पदर लावायची, म्हणून शेंगदाण्याचं तेल आलं. शेजारणीनं गोडा मसाला दिला, तो परत कसा करायचा म्हणून सांबारात गेला. हल्ली त्या थालीपिठावर पोडी लावतात. "पण मी त्याला नाव देत नाही," मामी म्हणाल्या. "नाव दिलं की हे विचारतात, काय घातलंस." अनेक वर्षं फ्युजन खाऊन मामा अस्सलपणाचे तज्ज्ञ म्हणून आमच्यात वावरत होते, हे तेव्हा कळलं. त्यांनाही बहुधा तेव्हाच कळलं असावं, कारण ते एकदम पाणी प्यायले.

या चर्चेत पुतण्याच्या मुलीनं टेबलावरच्या सगळ्या इडल्या संपवल्या होत्या.

आमच्या हिनं सवयीनं वाटी पुढे केली. वाटी नव्हती, म्हणून कप पुढे केला. "थोडं सांबार आणा हो अजून." वेटर जागच्या जागी थबकला. आजूबाजूच्या दोन टेबलांवरचं बोलणं थांबल्याचा मला भास झाला. तो मॅनेजरकडे गेला, मॅनेजर आत गेला, आतून बाहेर आला आणि आमच्याकडे येऊन सांगू लागला, की या पदार्थाचा तोल एका कपात साधलेला असतो, शेफ दुसऱ्या कपाची शिफारस करत नाहीत. तो वळल्यावर वाईच्या पोरानं खालच्या पट्टीत भाषांतर केलं: "वेगळं लावतात, काकू. एकशे पंच्याऐंशी."

मला वाटतं, खरा फरक इथे आहे. ट्रफल, फेस, बुराटा यांत नाही. मिसळायचं तर सगळ्यांनीच मिसळलं आहे. पण उडप्यानं मिसळलं ते आपल्या जिभेकडे आणि खिशाकडे बघून. डोसा आपल्या दिशेनं चार पावलं चालत आला. इथे आपण डोशाकडे चालत जायचं असतं, आधी वेळ ठरवून. उडप्याकडे गिऱ्हाईक बोलतं आणि हॉटेल ऐकतं: सांबार पातळ, चटणी संपली, डोसा कडक कर. इथे हॉटेल बोलतं आणि गिऱ्हाईक ऐकतं, आणि ऐकण्याचे पैसे देतं. कीर्तनात निरूपण ऐकून आपण आरतीत रुपया टाकतो. इथे आरती आधी ठरलेली असते, निरूपण ताटाबरोबर येतं आणि प्रसाद अर्थातच अगदी थोडा असतो.

हे तत्त्वज्ञान मी मामांना ऐकवणार, तेवढ्यात शेवटचा पदार्थ आला. पितळी डबरा-टंबलरमध्ये फिल्टर कॉफीचं तिरामिसू. चारी बाजूंनी पांढरा धूर. वेटरनं चौथ्या आजीला नुकतं पाचारण केलं होतं, पण मामांनी तिला दारातच थांबवलं. त्यांनी टंबलरला हात लावला आणि त्यांचा चेहरा त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कठोर झाला.

"कॉफी थंड आहे."

"मामा, ते डेझर्ट आहे," पुतण्या म्हणाला.

"धूर निघतोय आणि थंड आहे! ही फसवणूक आहे." ट्रफल चाललं होतं, ॲव्होकॅडो चाललं होतं, दिल्लीच्या माणसाची मदुराईची आजीही चालली होती. पण कॉफी एका हात अंतरावरून ओतलेली, फेसाळ आणि बोटांना चटका देणारी नसेल, तर संस्कृती संपली. ज्याच्या त्याच्या अस्सलपणाची सीमारेषा जिथे असते तिथेच असते. आमची सांबारात होती, मामांची कॉफीत. बाकीचा सगळा प्रदेश मोकळा आहे, तिथे कुणी काहीही मिसळावं.

बिल चामडी पाकिटातून आलं. उडप्याकडे बिल बडीशेपेबरोबर येतं, म्हणजे गोडीगुलाबीनं. पुतण्यानं कार्ड काढलं, पण पाकीट मामांच्या हातात आधी गेलं. निवृत्त लेखापरीक्षकासमोर उघडं बिल ठेवू नये. पाच टक्के जीएसटी त्यांनी मंजूर केला. मग त्यांचं बोट दहा टक्क्यांच्या सेवाशुल्कावर थांबलं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रेस्टॉरंटला हे शुल्क आपणहून बिलात लावता येत नाही, ते ऐच्छिक आहे, हे त्यांनी मॅनेजरला तारखेसकट सांगितलं. मॅनेजरनं वाद घातला नाही, पाकीट नेलं आणि दुरुस्त बिल आणलं. मग मामांनी खिशातून शुल्काहून जास्त रक्कम काढली, वाईच्या पोराच्या मुठीत दाबली आणि म्हणाले, "हे भाषांतराचे."

निघताना अभिप्रायासाठी एक टॅबलेट पुढे आला. पुतण्यानं पाच तारे दिले, त्याच्या बायकोनं फोटो जोडला. मामांनी टॅबलेट हातात घेऊन मराठी कीबोर्ड शोधून काढला आणि सावकाश टंकलं: "चव उत्तम. मात्रा अपुरी. कॉफीबाबत खुलासा मागवावा. आज्या मंजूर पदांपेक्षा जास्त."

दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या घरी नेहमीच्या इडल्या झाल्या, तळहाताएवढ्या, गरम, सोबत पातेलंभर सांबार. मुलीनं ताटाकडे बघितलं आणि विचारलं, "याच्यावरचं ते वासाचं तेल कुठंय? आणि एवढी मोठी का?" तिच्या हिशेबानं आमची इडली बिघडलेली होती. आम्ही हसलो, पण ते पोर बरोबर वाटेवर आहे. पंचवीस-तीस वर्षांनी ती कुठल्याशा आणखी नव्या ठिकाणी बसलेली असेल. समोर इडलीचा नुसता वास बाटलीत भरून आणलेला असेल आणि ती तिरस्कारानं म्हणेल, की आमच्या लहानपणी इडली खरी मिळायची, बटणाएवढी, पाच यायच्या, वर ट्रफल असायचं. सांबारही खरं असायचं, फेसाचं. समोरच्यानं कौतुकानं विचारलं, की ते खरं सांबार तेव्हा किती वेळा वाढायचे, तर मात्र ती विषय बदलेल.